गळ्याच्या डावाआधी थाप

तालमीत पाऊल टाकलेल्या पोराच्या अंगी सर्वांत आधी काय मुरत असेल, तर पाठ मातीला लागू द्यायची नाही, हे. कोणी शब्दांत सांगण्याआधीच ते त्याला कळते. खाली गेलो की क्षणात पालथे व्हायचे, कोपरे अंगाशी घ्यायचे, छाती मातीला चिकटवायची आणि वरचा पैलवान कितीही ओढो, उचलो वा रगडो, चीत व्हायचे नाही. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात, येळ्ळूरच्या मैदानावर किंवा निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या जत्रेतल्या हौद्यात असा पालथा पडून दम काढणारा पैलवान पाहिला नाही, असा माणूस आमच्या भागात सापडणे कठीण आहे. त्या पडण्यात लाज नसते. उलट, ‘पोरगा चिवट आहे, हलला नाही’ असे म्हणत जाणकार मान डोलावतात.

काही वर्षांपूर्वी हेच पालथे पडणे मी एका व्यायामशाळेतल्या मॅटवर पाहिले. तालमीत तयार झालेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जु-जित्सू या मूळ जपानी झुंजीच्या खेळाच्या सरावात खाली गेला आणि सवयीने पालथा झाला. वरच्या मुलाने पाठीवर बसून कोपराच्या खोबणीत त्याचा गळा घेतला. खालच्या मुलाने दात आवळले, मान ताठ केली आणि लहानपणापासून शिकल्याप्रमाणे सोसायला सुरुवात केली. सात-आठ सेकंदांत त्याचे हात सैल पडले. त्याला उताणे करून पाय वर धरले गेले, तो शुद्धीवर आला, गोंधळून हसला आणि भोवतीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने शेवटपर्यंत हार मानली नाही, याचे ते कौतुक होते. त्या टाळ्या माझ्या मनातून अजून गेलेल्या नाहीत. माझे तारुण्य तालमीत गेले आणि नोकरी शाळेच्या मैदानावर मुलांना खेळ शिकवण्यात गेली. त्यामुळे या प्रश्नाकडे मला परक्यासारखे पाहता येत नाही.

प्रश्न असा आहे. गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला शरण आणण्याचे डाव, जे आमच्या कुस्तीत चालत नाहीत पण ज्युडो, जु-जित्सू आणि मिश्र युद्धकलांत मान्य आहेत, ते आता आमच्या भागातील मुलांपर्यंत पोहोचले आहेत. १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या पहिल्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ ब्राझिलियन खेळाडूने अंतिम लढत पाठीमागून गळा आवळून जिंकली, तेव्हापासून हा डाव जगभर गाजला. आज तो खानापूरच्या किंवा हुक्केरीच्या मुलाच्या मोबाईलवर रोज दिसतो. मग या डावांचे काय करायचे? त्यांना तालमीच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचे, की शिकू द्यायचे, आणि शिकू द्यायचे तर कोणाला, कोणत्या वयात आणि कोणाच्या देखरेखीखाली? माझे म्हणणे आधीच सांगतो. बंदी नको, पण मुलाला शरणागतीची थाप, म्हणजे हार मानल्याची खूण म्हणून हाताने दोनदा थोपटणे, पक्की शिकवल्याखेरीज त्याच्या गळ्याला कोणाचा हात लागू नये, आणि आमच्या तालमींनी सोसण्याची जी सवय मुलांना लावली आहे, तीच या खेळात सर्वांत मोठा धोका आहे, हे आपण उघडपणे मान्य करावे.

डाव शरीरावर नेमके काय करतो, हे समजून घेतल्याशिवाय ही चर्चा हवेतच राहते. गळ्याचे डाव दोन जातींचे असतात. एका जातीत मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या दाबल्या जातात. दुसऱ्या जातीत समोरून श्वासनलिका आणि स्वरयंत्र दाबले जाते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पण आत घडते ते वेगळे. श्वासनलिकेवर दाब आला की दुखते, ठसका लागतो, जीव घुसमटतो आणि माणूस धडपडतो. धमन्यांवर दाब आला तर बहुधा दुखत नाही. कानांत आवाज येतो, नजरेच्या कडा काळवंडतात आणि माणूस शांतपणे शुद्ध हरपतो, कारण मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो आणि रक्ताचा प्रवाह थांबताच त्याचे काम थांबते. १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तरुण स्वयंसेवकांच्या मानेवर हवेचा पट्टा फुगवून हा प्रवाह अडवण्यात आला होता. त्यांची शुद्ध पाच ते अकरा सेकंदांत गेली. दाब लगेच काढला तर शुद्ध काही क्षणांत परत येते. तो काही मिनिटे राहिला तर मेंदूची जी हानी होते, ती भरून येत नाही.

यासाठी राक्षसी ताकद लागते, असा समज आहे आणि तो खोटा आहे. न्यायवैद्यकशास्त्राची पाठ्यपुस्तके फासाच्या संदर्भात जे आकडे देतात, त्यांनुसार मानेच्या शिरा बंद व्हायला साधारण दोन किलो, कॅरोटिड धमन्या बंद व्हायला चार-पाच किलो आणि श्वासनलिका दबायला सुमारे पंधरा किलोंचा ताण पुरतो. पाण्याने भरलेली कळशी एका हाताने उचलणाऱ्या कोणत्याही मुलाच्या दंडात याहून अधिक बळ असते. म्हणून डाव नीट बसला, तर चाळीस किलोंची मुलगी ऐंशी किलोंच्या गड्याला बेशुद्ध करू शकते. आणि डाव चुकीचा बसून कोपराऐवजी मनगटाचे हाड समोरून कंठावर आले, तर तीच मुलगी त्याच्या स्वरयंत्राची कूर्चा किंवा कंठास्थी मोडू शकते. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून काही काळाने पक्षाघाताचा झटका आल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. त्या विरळ आहेत, पण तरण्या, धडधाकट माणसांच्या आहेत.

या साऱ्यात मला एकच मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. आमची तालीम मुलाला दुखणे ओळखायला आणि ते गिळायला शिकवते. जोर-बैठका मारताना मांड्या पेटतात, मातीत कातडी सोलवटते, खडाखडीत मानेवर थपडा बसून कान लाल होतात, आणि या सगळ्यातून जो न कुरकुरता जातो त्याला वस्ताद जवळ करतात. दुखणे हा तेथे परीक्षेचा विषय आहे. परंतु धमन्या दाबणाऱ्या पकडीत ही परीक्षा होतच नाही. ‘असह्य झाले की हार मानू’ असे ठरवून बसलेल्या मुलापाशी ते असह्य होणे येतच नाही. त्याच्या आधी अंधार येतो. जो मुलगा तालमीत जितका चिवट, तितका तो या पकडीत अधिक वेळ राहणार. म्हणजे ज्या गुणाबद्दल आम्ही त्याची पाठ थोपटली, तोच गुण त्याला येथे बुडवतो.

हे केवळ मनाचे झाले. शरीराच्या सवयीही तसेच करतात. पाठ वाचवण्यासाठी पालथे होणे हे कुस्तीत शहाणपणाचे आहे, कारण तेथे खांदे मातीला लागले की निकाल होतो. जु-जित्सूत खांदे लागल्याने काहीच होत नाही, उलट पाठ देणे हीच सर्वांत धोक्याची अवस्था मानली जाते. मागे बसलेल्याला गळा मोकळा मिळतो आणि खालच्याला त्याचे हात दिसतही नाहीत. दुहेरी पट काढण्याचेही तसेच आहे. आमचा पैलवान वाकून पायात शिरतो आणि डोके प्रतिस्पर्ध्याच्या कमरेच्या बाहेर ठेवतो. कुस्तीत त्याला फार तर वरून दाबले जाईल, पण येथे तीच मान समोरच्याच्या काखेत सापडते आणि पट काढणारा स्वतःच्याच वेगाने गळफासात जातो. म्हणून कुस्ती येते त्याला हे खेळ सोपे जातील, असे जे सहज बोलले जाते, ते गळ्याच्या बाबतीत तरी उलटे आहे. पकड, तोल आणि दम यांत तो पुढे असेल. मानेच्या बाबतीत तो नवशिक्याहूनही असुरक्षित असतो, कारण नवशिक्याला निदान भीती वाटते.

येथे कोणी म्हणेल, मग हा परका प्रकार हवाच कशाला? कुस्ती पुरेशी नाही का? या आक्षेपामागची माया मला कळते. आमच्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र केसरीही झाले. कर्नाटकात जन्मलेला, कोल्हापुरात घडलेला तो पैलवान सीमेच्या दोन्ही बाजूंनी आपला मानला, आणि भाषेच्या वादात जे जमले नाही ते मातीने सहज केले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांचे नाव आजही आमच्या तालमींत आदराने घेतले जाते. असा वारसा असलेल्या भागाने आपली कुस्ती आधी जपावी, हे मला मान्य आहे.

मात्र ‘परका’ हा शब्द मला पटत नाही. मल्लविद्येच्या परंपरेत हनुमंती, जांबुवंती, जरासंधी आणि भीमसेनी असे चार प्रकार सांगितले जातात, आणि त्यांतील जांबुवंती प्रकार पकडीत अडकवून शरण आणण्याचा, तर जरासंधी प्रकार हातपाय आणि सांधे मोडण्याचा मानला जातो. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचा आहार, व्यायाम आणि लढती यांवर स्वतंत्र विवेचन आहे, आणि ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातलेच बसवकल्याण. तेव्हा शरीराला पकडीत बांधून हार मानायला लावणे या भूमीला ठाऊक नव्हते, असे नाही. ठाऊक असून आखाड्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ते बाजूला ठेवले. गावच्या जत्रेत शेजारच्या गावचा पोरगा पाहुणा म्हणून येतो, संध्याकाळी त्याच पंगतीत जेवतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावला जातो. त्याचा गळा धरायचा नाही, बोटे मोडायची नाहीत, हा संकेत त्या व्यवहारातून आला. आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीचा नियमही हेच सांगतो: गळा घोटण्याची पकड निषिद्ध आहे, आणि दोन्ही हातांनी डोके धरायचे तर प्रतिस्पर्ध्याचा एक हात त्या पकडीत सोबत घ्यावा लागतो. हा हात सोबत घेण्याचा नियम आमच्या कित्येक पोरांना तोंडपाठ असतो, पण तो कशासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ज्युडोने दुसरा मार्ग घेतला. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान स्थापन केले, तेव्हा त्यांनी जुन्या जपानी जु-जित्सूतले जीवघेणे प्रकार वगळले, परंतु गळ्याचे डाव ठेवले आणि त्यांच्याभोवती नियमांचे कुंपण उभारले. आज कोदोकान गळ्याचे बारा डाव मान्य करते, त्यांपैकी दोन्ही पायांच्या कात्रीत धड दाबण्याचा डाव स्पर्धेत वर्ज्य आहे. पट्ट्याने किंवा नुसत्या बोटांनी गळा दाबता येत नाही. हाताने वा पायाने दोनदा थोपटले की पकड त्या क्षणी सुटली पाहिजे, आणि खेळाडू थोपटू शकत नसेल तर पंच थांबवतो. हे कुंपण किती मोलाचे आहे, याचा पुरावा १९८७ साली न्यायवैद्यकशास्त्राच्या एका अमेरिकी नियतकालिकात आलेल्या निबंधात मिळतो. लेखकाने पोलिसांनी गळा धरल्यानंतर झालेले मृत्यू तपासले होते. त्याच वेळी १८८२ पासून ज्युडोच्या खेळात अशा डावाने एकही मृत्यू नोंदला गेला नसल्याचे त्याने दाखवले. पकड तीच, मान तीच. एकीकडे थाप ओळखणारा सोबती आणि पंच होता, दुसरीकडे नव्हता.

पोलिसांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने १९९३ मध्येच गळ्याच्या पकडीला मनाई केली होती, तरी २०१४ मध्ये एरिक गार्नर हा माणूस तशाच पकडीनंतर मरण पावला. २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून धरला गेला आणि त्याचा जीव गेला. दोघेही श्वास घेता येत नसल्याचे सांगत होते. ज्याला धरले आहे त्याची थाप ऐकण्याचे बंधन धरणाऱ्यावर नसेल, तर ही पकड कोणाच्याही हाती देऊ नये, मग तो गणवेशातला असो वा नसो. जमाव पांगवताना किंवा आरोपीला ताब्यात घेताना मानेला हात लावायचा नाही, असा स्पष्ट आदेश आपल्याकडे प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर असावा. आमच्या सीमाभागात ‘गळचेपी’ हा शब्द वर्तमानपत्रांत भाषेच्या अर्थाने इतका वापरला जातो, की त्याचा मूळचा शारीरिक अर्थ किती भयंकर आहे, हे आपण विसरत चाललो आहोत.

बंदी नको म्हणतो, त्याला व्यावहारिक कारणही आहे. बेळगावजवळच्या तुरमुरी गावच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या प्रकारात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले, आणि ती मुळात ज्युडोत घडलेली खेळाडू आहे. कुराश ही उझबेकिस्तानची उभ्याने लढायची कुस्ती. तिच्यात जमिनीवरची झुंज नाही आणि गळ्याचा डावही नाही. पण त्या पदकापर्यंतची वाट ज्युडोच्या मॅटवरून गेली. त्याच स्पर्धेपासून जु-जित्सूलाही आशियाई क्रीडा स्पर्धेत स्थान मिळाले. सीमाभागातील मुलामुलींना नोकरी, आरक्षण आणि शिष्यवृत्ती खेळातून मिळण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांपैकी या काही आहेत. एका भीतीपोटी त्या बंद करणे अन्यायाचे होईल. शिवाय बंदी घातली तरी मुले हे डाव शिकणारच आहेत. फक्त ती गच्चीवर, वसतिगृहाच्या खोलीत, मोबाईल समोर ठेवून आणि कोणी मोठे माणूस जवळ नसताना शिकतील. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९९५ ते २००७ या काळात तेथे सहा ते एकोणीस वर्षांच्या ८२ मुलांचे मृत्यू गळा आवळून भोवळ आणण्याच्या ‘खेळातून’ झाले असावेत. त्यांत कोणाला मारण्याचा उद्देश कोणाचाच नव्हता. बहुतेक मुले त्या वेळी एकटी होती.

तरीही वयाच्या बाबतीत मी सवलत देणार नाही. ज्या जपानने ज्युडो जगाला दिला, तेथेच प्राथमिक शाळेतील मुलांच्या स्पर्धांत गळ्याचे आणि सांध्यांचे डाव चालत नाहीत. अमेरिकेतील ज्युडो स्पर्धांतही तेरा वर्षांखालील मुलांना गळ्याचा डाव वापरता येत नाही. जपानचा दुसरा अनुभवही सांगायला हवा, कारण तो आपल्याला अधिक लागू पडतो: १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत तेथील शाळांमध्ये ज्युडो खेळताना शंभरांहून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, आणि तो प्रामुख्याने फेकताना डोक्याला झालेल्या इजेमुळे. म्हणजे गळ्याचा डावच काय तो धोकादायक आणि बाकीचे निर्धोक, असे नाही. दमलेल्या मुलाला ‘ऊठ, पुन्हा कर’ म्हणणारा हट्टी शिक्षक सर्वांत धोकादायक असतो. हा शिक्षक आमच्याकडे अनोळखी नाही.

कायदाही वयाकडे बोट दाखवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू वा जाणीव नसेल, तर झालेल्या इजेला गुन्हा मानले जात नाही. त्या कलमाखाली दिलेले उदाहरण खेळातल्या तलवारबाजीचे आहे, आणि त्यात नियमाने खेळत असताना झालेली इजा असे म्हटले आहे. सोळा वर्षांचा मुलगा ती संमती देऊ शकत नाही. त्याच्या गळ्याभोवती हात घालू देणाऱ्या प्रशिक्षकाने हे ध्यानात ठेवावे, आणि व्यायामशाळेच्या अर्जावर घाईने सही करणाऱ्या पालकांनीही.

तेव्हा मला वाटते ते असे. तेरा वर्षांपर्यंत गळ्याचे डाव दाखवूही नयेत. त्यानंतर अठरापर्यंत ते शिकवावेत, पण हळूहळू, पकड बसली की थांबायचे अशा पद्धतीने, आणि पालकांना प्रत्यक्ष बोलावून दाखवून. शिकवणाऱ्याने पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे किंवा त्या त्या खेळाच्या संघटनेचे प्रशिक्षण घेतलेले असावे आणि हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देण्याची प्राथमिक क्रिया त्याला येत असावी. कोणी बेशुद्ध झाला तर त्याची तारीख घालून वहीत नोंद व्हावी, त्या दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उतरवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. आवाज बसला, गिळताना दुखले, एका डोळ्याची पापणी उतरली किंवा मान एका बाजूने दुखत राहिली, तर बाहेरून काहीही दिसत नसले तरी ते गंभीर समजावे. यांतील एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. वही लागते आणि ती लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो.

मुलींच्या बाबतीत क्रम वेगळा असावा, असे माझे मत आहे. कर्नाटक सरकारने चित्रदुर्गच्या किल्ल्यासाठी मुसळ घेऊन लढलेल्या ओबव्वाच्या नावाने विद्यार्थिनींना आत्मसंरक्षण शिकवण्याचा उपक्रम चालवला आहे, आणि अशा शिबिरांत मुली बहुधा ठोसे आणि लाथा शिकून परततात. परंतु घरातल्या अत्याचारात बाईचा गळा धरला जाणे ही विरळ गोष्ट नाही, आणि ज्याने एकदा गळा धरला तो पुढे जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा मुलींना आधी सुटका शिकवावी: हनुवटी छातीशी घट्ट धरणे, दोन्ही हातांनी हल्लेखोराचा एकच हात खाली ओढणे, त्याच्या कोपराच्या खोबणीकडे तोंड वळवून श्वासनलिका मोकळी करणे. आणि त्याहून आधी हे सांगावे, की कोणी गळा धरला होता, हे डॉक्टरांना आणि पोलिसांना त्याच शब्दांत सांगायचे. ‘भांडण झाले’ असे म्हणून झाकायचे नाही.

जत्रेच्या मैदानांविषयी एक विनंती आहे. अलीकडे काही ठिकाणी गर्दी खेचण्यासाठी कुस्तीच्या मैदानात नव्या प्रकारांची प्रात्यक्षिके ठेवण्याचा विचार बोलून दाखवला जातो. कृपा करून हे करू नये. हलगीच्या कडकडाटात, हजारो लोकांच्या आरोळ्यांत आणि मातीत थाप ऐकू येत नाही व दिसतही नाही. मॅटवर जी थाप फटकन वाजते ती मऊ मातीत विरून जाते. शिवाय ‘निकाल लागलाच पाहिजे’ अशी सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर तरणा पोरगा थाप देणार नाही. निकाली कुस्तीत पंचांनी मात्र एक करावे: जोड लावण्याआधी, गळा आवळल्यास कुस्ती थांबवली जाईल, हे ध्वनिक्षेपकावरून मराठीत आणि कन्नडमध्ये सांगावे. आमच्याकडे एकाच हौद्यात कडोलीचा मराठी पोरगा आणि गोकाककडच्या गरडी मनेत, म्हणजे कन्नड तालमीत, घडलेला कन्नड पोरगा समोरासमोर येतात. एकाच्या तोंडून ‘सोड’ निघते, दुसऱ्याच्या तोंडून ‘बिडु’, आणि गळा दाबलेला असेल तर दोन्ही शब्द निघत नाहीत. हाताची थाप तेवढी दोघांना कळते, अर्थात ती शिकवली असेल तर.

ती शिकवणे वाटते तितके सोपे नाही, हे मी त्या व्यायामशाळेतल्या मुलाकडून शिकलो. नंतर त्याच्या वडिलांनी त्याला माझ्याकडे पाठवले. मी त्याला कोणताही डाव शिकवला नाही. तो बसायचा, मी मागून कोपराची खोबणी त्याच्या मानेभोवती नुसती ठेवायचो, जोर अजिबात न लावता, आणि त्याने माझ्या दंडावर दोनदा थोपटायचे, एवढाच सराव. पहिले दोन दिवस त्याचा हात उठलाच नाही. मांडीवर मूठ आवळून बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी हात उठला, पण माझ्या दंडापर्यंत यायला उशीर झाला. आठवडाभराने एकदा माझा हात मानेला टेकण्याआधीच त्याची थाप आली, आणि आपण घाबरलो असे वाटून त्याने ओशाळून मान खाली घातली. मी त्याला म्हटले, ‘बाळा, असेच पुन्हा कर,’ आणि त्या संध्याकाळी आम्ही तेवढेच पन्नास वेळा केले.